लग्न लावतं कोण?

लग्न करणारी माणसं दोन असतात, लावणारं मात्र तिसरंच कुणीतरी असतं. नवरानवरी म्हणतात, आम्ही लग्न केलं. मुलीचे वडील म्हणतात, लावून दिलं. आणि ज्यांनी अंतरपाट दूर करायची खूण केली ते गुरुजी म्हणतात, लग्न मी लावलं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, कारण लावणाऱ्यावाचून लग्न ही कल्पनाच आपल्या घरांत रुजलेली नाही. पण 'लावणं' हे क्रियापद दिव्यालाही चालतं आणि दारालाही. दिवा लावला की उजेड होतो, दार लावलं की वाट बंद होते. लग्न लावण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती ते न लावण्याचाही अधिकार असतो. त्या अधिकाराची किंमत या देशात पुष्कळांनी मोजली आहे.

हे मी चेन्नईत राहून लिहितो आहे. इथल्या तमिळ वर्तमानपत्रांत एक वाक्य सारखं भेटतं: अमुक पुढाऱ्याने तमक्या कार्यकर्त्याच्या मुलीचं लग्न 'नडत्ति वैत्तार', म्हणजे पुढे उभं राहून पार पाडून दिलं. मुख्यमंत्रीही लग्नं पार पाडून देतात. सुरुवातीला मला वाटलं, हजेरी लावून आशीर्वाद दिला एवढाच याचा अर्थ असणार. तसा तो नव्हे. पुढाऱ्याने दिलेले हार वधूवरांनी एकमेकांच्या गळ्यात घातले आणि लग्न झालं. मागे होमकुंड नाही, पुढे सप्तपदी नाही. तेच लग्न.

एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका हाती आली तेव्हा मला ही पद्धत नीट कळली. वर गणपती नव्हता, मुहूर्ताची घटिका नव्हती. 'विवाह' या शब्दाऐवजी 'वाळ्क्कै ओप्पंदम' असं छापलेलं होतं, म्हणजे जीवनाचा करार. खाली एखाद्या सभेची असावी तशी नावं: 'तलैमै' म्हणजे अध्यक्षस्थान कुणाचं, 'मुन्निलै' म्हणजे कुणाच्या उपस्थितीत, मग स्वागत, मग 'वाळ्त्तुरै' म्हणजे शुभेच्छापर भाषणं कोण करणार, शेवटी आभार. दिवस रविवारचा, वेळ संध्याकाळी पाचची, महिना आडि. तमिळ घरांत आडि महिन्यात कुणी लग्नाचं नाव काढत नाही आणि रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ असतो. दोन्ही गोष्टी ठरवून निवडल्या होत्या. पेरियार ई. व्ही. रामसामी यांनी १९२५ साली सुरू केलेल्या स्वाभिमान चळवळीची ही जुनी रीत आहे. अशुभ मानलेल्या वेळी लग्न करायचं, सुखाने संसार करून दाखवायचा आणि पंचांगाचा धाक मोडायचा.

मंडपात अध्यक्षस्थानी होत्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. नवरी त्यांची विद्यार्थिनी. पांढरे केस, कपाळ मोकळं, सुती साडी. त्या विधवा आहेत हे सगळ्या मंडपाला दिसत होतं. आपल्याकडे अशी बाई हळदीला मागच्या खोलीत बसते, ओटी भरायला पुढे येत नाही, आणि तिला कुणी 'मागे बस' असं सांगावंही लागत नाही. तिचं तिलाच ठाऊक असतं. इथे तिच्यावाचून लग्न सुरूच होणार नव्हतं. त्यांनी दोघांना पुढे बोलावलं. आधी मुलीने कागदावरून वाचलं: मी याला जीवनाचा जोडीदार म्हणून स्वीकारते, सुखदुःखात आमचा वाटा सारखा, माझ्या अपेक्षा तशाच त्याच्या अपेक्षा, माझे हक्क तसेच त्याचे हक्क. वाचताना तिचा हात कापत होता, म्हणून बाईंनी ध्वनिक्षेपक स्वतः धरला. मग मुलाने वाचलं. मग हार. मग नोंदवहीत सह्या. बाईंनी मंडपाकडे वळून विचारलं, तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत ना? आणि चारपाचशे माणसं एका सुरात म्हणाली, 'केट्टोम्', ऐकलं.

त्या एका प्रश्नात बाईंच्या अध्यक्षपदाचा सगळा अर्थ आला होता. लग्न दोघांनी केलं. बाईंनी ते लोकांच्या कानावर घातलं.

ही सोय फुकट मिळालेली नाही. स्वाभिमान विवाह १९२० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले आणि गावोगाव पसरले. पेरियार स्वतः लग्नांत तासन्‌तास बोलत. लग्न म्हणजे चळवळीची सभाच असे. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती लग्नंच नव्हती. १९५३ साली मद्रास उच्च न्यायालयाने देइवानै आच्ची विरुद्ध चिदंबरम चेट्टियार या खटल्यात असं लग्न अवैध ठरवलं. हिंदू लग्नाला शास्त्रोक्त विधी हवा, नाहीतर पूर्वापार चालत आलेली रूढी हवी. चळवळीने नव्याने काढलेली पद्धत म्हणजे रूढी नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं. पुढे १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला, त्याच्या सातव्या कलमातही रूढी आणि विधींचीच भाषा राहिली. संसार करून नातवंडांची तोंडं पाहिलेल्या जोडप्यांवर वारसाहक्काच्या दाव्यात 'तुमचं लग्नच झालेलं नाही' असं ऐकून घ्यायची वेळ येऊ शकत होती. या काळातल्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. आपल्या मुलांच्या वारसाहक्कावर गदा येईल हे माहीत असूनही ती अशी लग्नं करत राहिली.

मार्च १९६७ मध्ये सी. एन. अण्णादुरै मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी विधिमंडळाने हिंदू विवाह कायद्यात '७ अ' हे कलम घातलं. राष्ट्रपतींची संमती जानेवारी १९६८ मध्ये मिळाली. कलम छोटं आहे. नातेवाईक, मित्र किंवा अन्य व्यक्तींच्या उपस्थितीत दोघांनी एकमेकांना समजेल अशा कोणत्याही भाषेत 'मी तुला पती म्हणून, पत्नी म्हणून स्वीकारतो' असं सांगितलं, किंवा एकमेकांना हार घातला अथवा बोटात अंगठी घातली, किंवा ताली म्हणजे मंगळसूत्र बांधलं, की लग्न पूर्ण. आधी झालेली लग्नंही याच कलमाने वैध झाली. द्रविड चळवळीतली जुनी मंडळी सांगतात की मसुद्यात हे प्रकार 'आणि'ने जोडले होते. पेरियारांनी तिथे 'किंवा' करायला लावलं, कारण 'आणि' राहिला असता तर ताली सक्तीची झाली असती. आज कायद्यात 'किंवा' आहे, एवढं कुणीही उघडून पाहू शकतो. वर्षभराने, ३ फेब्रुवारी १९६९ रोजी, अण्णादुरै गेले. राज्याचं नाव तमिळनाडू करणं आणि द्विभाषा धोरण यांच्या जोडीला आपल्या कारकिर्दीतलं तिसरं मोठं काम म्हणून त्यांनी याच कायद्याचा उल्लेख केला होता.

त्या कलमात मला सर्वांत मोलाचे वाटतात ते दोन तपशील. एक, 'समजेल अशी भाषा'. आपण जन्मभराचं वचन देतो ते बहुतेकांना न कळणाऱ्या संस्कृतात, आणि तेही गुरुजींच्या मागून अर्धंमुर्धं पुटपुटत. दुसरा तपशील म्हणजे कलमात पुरोहित नाहीच. त्याला मनाई केलेली नाही, त्याची गरज काढून घेतली आहे.

मराठी माणसाला हे वाचताना जोतीराव आठवले नाहीत तरच नवल. सत्यशोधक समाजाची स्थापना पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ ची आणि पहिला सत्यशोधक विवाह त्याच वर्षी २५ डिसेंबरचा, सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा यांचा. म्हणजे पेरियारांच्या आधी पन्नासहून अधिक वर्षं. १८८७ साली जोतीरावांनी सत्यशोधक पूजाविधीचं पुस्तक काढलं, त्यातल्या मराठी मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. मंगलाष्टकं म्हणणारा तिसरा कुणी नाही. वधू स्वातंत्र्याची गोष्ट काढते आणि वराला तिला उत्तर द्यावं लागतं. चेन्नईच्या त्या मंडपात आधी मुलीला बोलायला लावलं तेव्हा मला त्या पुस्तकाची आठवण झाली. दोन चळवळी वेगळ्या भाषांत, वेगळ्या काळात एकाच ठिकाणी पोहोचल्या होत्या: लग्नात ज्यांचं लग्न त्यांनी बोलावं.

न लावण्याच्या अधिकाराबद्दल मी वर म्हटलं. १८६९ साली विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने मुंबईत विधवाविवाह झाला, तेव्हा नवरानवरीवर तर बहिष्कार पडलाच, लग्नात पुढे उभे राहिलेल्यांवरही पडला. डिसेंबर १८८१ मध्ये तेलुगू समाजसुधारक वीरेशलिंगम यांनी मद्रास इलाख्यातल्या राजमहेंद्रीला पहिला विधवाविवाह घडवला. वर होता, वधू होती, धाडस होतं, पण मंत्र म्हणायला पुरोहित मिळवताना त्यांच्या नाकी नऊ आले. इतक्या टोकाला जाऊनही दोघा सुधारकांना पुरोहित हवा होता, कारण शास्त्रानेच शास्त्राला उत्तर द्यायचं अशी त्यांची भूमिका होती. तंजावरी मराठी घराण्यातले दिवाणबहादूर रघुनाथराव हे मद्रासमध्ये हेच करत होते, शास्त्रवचनांचा आधार काढून विधवाविवाहाची बाजू मांडत होते. डिसेंबर १८८७ मध्ये रानडे आणि रघुनाथराव यांच्या प्रयत्नांनी भारतीय सामाजिक परिषदेचं पहिलं अधिवेशन याच शहरात भरलं. अध्यक्षस्थानी होते सर टी. माधवराव, कुंभकोणमचे, तेही तंजावरी मराठी. त्यांच्या समाजातली मराठी बोलणारी घरं आजही चेन्नईत आहेत, १९१२ पासूनचा त्यांचा महाराट्टा एज्युकेशन फंड आहे. पण रघुनाथरावांचं नाव पुण्यामुंबईत कुणी घेत नाही, आणि मला ते खुपतं.

महाराष्ट्रात पुरोहिताचा अधिकार केवळ धर्माचा नव्हता, तो वतनाचा होता. गावजोशाला न बोलावता कुणी लग्न उरकलं तर जोशी आपल्या हक्काच्या दक्षिणेसाठी दिवाणी न्यायालयात दावा लावू शकत असे. ज्याने काहीच केलं नाही त्याला पैसे द्यायचे, का, तर लग्न लावण्याचा हक्क त्याचा. हा हक्क मोडला तो १९२६ च्या कायद्याने. त्यामागे होते रावबहादूर सीताराम केशव बोले, ज्यांचा १९२३ चा सार्वजनिक पाणवठ्यांचा ठराव आपण महाडच्या संदर्भात शिकतो. पाणवठ्याचा बोले ठराव सर्वांना माहीत, जोशी वतनाचा बोले कायदा फारसा कुणाला नाही. लग्नाचा निखळ घरगुती वाटणारा विधी गरीब शेतकऱ्याला कोर्टाची पायरी कशी चढायला लावत होता, हे त्या कायद्यावरून कळतं.

छत्रपती शाहूंनी वेगळा रस्ता धरला. १८९९ मध्ये पंचगंगेवर आपल्यासाठी वेदोक्तांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जातात हे त्यांना कळलं, आणि त्यातून जे वेदोक्त प्रकरण उभं राहिलं त्याचा शेवट १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरू पीठ स्थापण्यात आणि मराठा पुरोहित तयार करण्यात झाला. म्हणजे लावणारा राहील, पण तो आपल्यातला असेल. पुढे पुण्यात १९७० च्या दशकापासून शंकरराव थत्ते यांनी आणि नंतर ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवलं, हे त्याच वाटेवरचं पाऊल. मंत्राचा अर्थ मराठीत सांगत लग्न लावणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत आणि त्यांचं काम मला मनापासून आवडतं.

बाबासाहेबांनी सगळ्यांत थेट तोडगा सुचवला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना १९३६ च्या परिषदेचं अध्यक्षपद दिलं होतं, आणि भाषणातला मजकूर बदलायला ते तयार नाहीत म्हटल्यावर परिषदच रद्द केली. न झालेलं ते अध्यक्षीय भाषण म्हणजे 'जातिभेद निर्मूलन' हा ग्रंथ. त्यात ते म्हणतात की पौरोहित्य नाहीसं व्हावं हे उत्तम; ते जमत नसेल तर ते वंशपरंपरेचं राहू नये, पुरोहिताने सरकारी परीक्षा द्यावी, सनद घ्यावी, पुरोहितांची संख्या राज्याने ठरवावी. ज्या परिषदेला असा अध्यक्ष झेपला नाही तिचं न झालेलं भाषण आज लाखो लोक वाचतात.

तमिळनाडूने ना नवा पुरोहित घडवला, ना त्याची परीक्षा घेतली. तो नसला तरी चालेल, एवढीच व्यवस्था केली, आणि ती न्यायालयांतही टिकली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एस. नागलिंगम विरुद्ध शिवगामी या खटल्यात सांगितलं की '७ अ' खाली झालेल्या लग्नाला सप्तपदीची गरज नाही. २०१४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांच्या कार्यालयांत गुपचूप होणारी अशी लग्नं मान्य नाहीत असा निर्णय दिला होता. घरून पळून आलेल्या, जातीबाहेर लग्न करणाऱ्या जोडप्यांवर त्याचा घाला पडत होता. २८ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. लग्न चारचौघांत जाहीर करण्याचं बंधन कलमात नाही. वकीलही मित्र म्हणून समोर उभा राहू शकतो, असा त्याचा आशय. मुलीला शोधत तिचे भाऊ शहरभर फिरत असतात तेव्हा दोन माणसांसमोर एक हार घालून लग्न पूर्ण होणं याचा अर्थ कित्येकदा जीव वाचणं असा असतो.

बाकीच्या देशात मात्र चित्र निराळं आहे. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच दुसऱ्या एका खटल्यात म्हटलं की विधी झाले नसतील तर केवळ प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही. '७ अ' तमिळनाडूत आहे, पुदुच्चेरीत आहे. ज्या महाराष्ट्रात या विचाराची पहिली लग्नं झाली तिथे ते नाही. हे मला अजिबात पटत नाही. दीडशे वर्षं उलटली, जोतीरावांच्या पुतळ्यांना हार घालणारे सगळ्याच पक्षांत आहेत. पण एकाही सरकारने असं कलम आणलेलं नाही.

तमिळनाडूत सगळं ठीक आहे असंही नाही. कायद्याने अध्यक्षाला साक्षीदार केलं, समाजाने त्याला पुन्हा खुर्चीवर बसवलं. पत्रिकेवर पुढाऱ्याचं नाव नवरीच्या नावापेक्षा मोठं छापलेलं मी पाहिलं आहे. मोठा पाहुणा दोन तास उशिरा येतो आणि तोवर हार ताटात सुकत राहतात. शुभेच्छा देणाऱ्यांच्या यादीत बाई शोधावी लागते. पुरोहिताला दूर केलं ते दोघांच्या शब्दाला वजन यावं म्हणून. त्या जागी सत्तेतला माणूस आणून बसवला तर दोघं परत गप्पच राहतात. पेरियारांनीही अध्यक्ष ठेवला होता, तो लोकांना चार गोष्टी समजावून सांगायला. मला वाटतं, कुणीतरी पुढे उभं असावं ही गरज खरी आहे. एवढा मोठा शब्द दोघांनी उच्चारायचा, तर ज्याने त्यांना लहानपणापासून पाहिलं आहे असं माणूस शेजारी असलं की आवाजाला बळ येतं. त्या मुख्याध्यापिकेने ध्वनिक्षेपक धरला तसं.

यंदा तुमच्या घरी लग्न असेल तर एवढं करा. मंडप ठरवण्याआधी, पुढे कोण उभं राहणार हे मुलामुलीला ठरवू द्या. घरात विधवा आत्या असेल, एकट्याने मुलं वाढवलेली मावशी असेल, शाळेतल्या बाई असतील, तर त्यांना विचारा. त्या नको म्हणतील, पुन्हा विचारा. वचन मराठीत लिहा आणि ते मुलीला आधी वाचू द्या. आणि तुम्ही महाराष्ट्रात असाल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करा, म्हणजे कुठल्याही विधीवाचून ते पक्कं होईल. त्याची नोटीस तीस दिवस आधी द्यावी लागते, म्हणून तारीख सवडीने धरा. तिथेही दोघांनी एकमेकांना समजेल अशा भाषेतच बोलायचं असतं, आणि साक्षीदार तीन लागतात. त्यांतली एक सही त्या आत्याची असू द्या.